सागरी आपत्तीतील अग्निशमन पथके आणि हेलिकॉप्टर-साहाय्य : स्वरूप, कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. त्या जहाजात स्फोटके होती आणि कापसाच्या गासड्याही होत्या. आग विझविण्यासाठी धावून गेलेल्या अग्निशमन दलातील ६६ जवानांना स्फोटात प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या घटनेचा विचार करताना एक साधी बाब सहसा लक्षात येत नाही. ते जहाज धक्क्याला लागलेले होते, म्हणून शहराचे बंब त्याच्यापर्यंत पोहोचू शकले. तेच जहाज किनाऱ्यापासून ६० सागरी मैलांवर असते, तर त्याच्या मदतीला कोणी जावयाचे, कसे जावयाचे आणि किती वेळात पोहोचावयाचे, हे प्रश्न निर्माण झाले असते.

खुल्या समुद्रातील जहाजाला आग लागली की तिच्याशी झुंजण्याचे काम प्रथमतः खलाशांनाच करावे लागते. समुद्रावरील मानवी जीविताच्या सुरक्षिततेसाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार, म्हणजेच 'सोलास', याच गृहीतावर उभा आहे. जहाजावर पंप, नळ, स्थिर कार्बन डायऑक्साइड यंत्रणा, श्वसनसंच आणि प्रशिक्षित खलाशी असलेच पाहिजेत, असा त्याचा दंडक आहे. तथापि खलाशी हे व्यवसायाने अग्निशामक नसतात. त्यांची संख्या मोजकी असते, आणि आग काही तास टिकली तर ते थकतात. अशा वेळी किनाऱ्यावरील व्यावसायिक अग्निशामकांना थेट जहाजावर नेऊन उतरविण्याची व्यवस्था गेल्या काही दशकांत, विशेषतः युरोपातील देशांत, विकसित झाली. या व्यवस्थेचा मुख्य आधार हेलिकॉप्टर हा आहे. प्रस्तुत लेखात या साहाय्याचे स्वरूप, त्यामागील कारणे, प्रत्यक्ष कार्यपद्धती आणि मर्यादा यांचा विचार केला असून अखेरीस भारतीय किनाऱ्याच्या संदर्भात त्याचे महत्त्व तपासले आहे.

जहाजावरील आगीचे वेगळेपण

इमारतीच्या आगीत अग्निशामक बाहेरून आत जातो आणि माघार घ्यावी लागल्यास पुन्हा बाहेर येतो. जहाजावर 'बाहेर' म्हणजे समुद्र असतो. शिवाय बहुतेक वेळा आग डेकच्या खाली, इंजिन कक्षात किंवा मालाच्या कोठारात असते. तिच्याकडे जाण्याचा मार्ग अरुंद जिन्याने वरून खाली जातो, तर उष्ण वायू त्याच मार्गाने खालून वर येत असतात. दुसरी अडचण पोलादाची. जहाजाच्या भिंती, तक्तपोशी व जमीन सर्व पोलादाची असल्यामुळे एका कक्षातील उष्णता सहाही बाजूंच्या कक्षांत झिरपते आणि तेथील रंग, लाकूड वा माल पेटू शकतो. म्हणूनच आगीइतकेच लक्ष तिच्याभोवतालच्या भिंती पाण्याने थंड ठेवण्याकडे द्यावे लागते.

तिसरे वेगळेपण पाण्याचे आहे. शहरात पाणी हे अग्निशामकाचे सर्वांत मोठे साधन असते. जहाजावर तेच जहाज बुडविण्याचे कारण ठरू शकते. एका नळीतून मिनिटाला ५०० लिटर पाणी सोडले, तर तासाभरात ३० टन पाणी जहाजात साचते. चार नळ्या चालू असतील, तर हा आकडा १२० टनांवर जातो. केवळ वजनापेक्षाही या पाण्याची हालचाल अधिक घातक असते. रुंद डेकवर साचलेले पाणी जहाज कलंडेल त्या बाजूस धावते आणि कल आणखी वाढविते. यास मुक्त पृष्ठभागाचा परिणाम असे म्हणतात. हा परिणाम साचलेल्या पाण्याच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे रुंदी दुप्पट झाली तर परिणाम आठपट होतो. उलटपक्षी तीच जागा मधोमध उभ्या भिंतीने दोन भागांत विभागली, तर एकूण परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो. मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजांवर अशा मधल्या भिंती नसतात. एकेक डेक सलग मैदानासारखा असतो. म्हणून त्यांच्या बाबतीत धोका सर्वाधिक असतो.

९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्क बंदरात 'नॉर्मंडी' या विख्यात प्रवासी जहाजाला आग लागली. त्या वेळी त्याचे 'लाफायेत' या नावाने लष्करी जहाजात रूपांतर चालू होते. आग विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्याने ते कलत गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यालगतच आडवे झाले. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ 'फ्रीमँटल हायवे' हे मोटारवाहू जहाज पेटले, तेव्हाही अधिक पाणी टाकल्यास ते अस्थिर होईल, या भीतीने पाण्याचा वापर जपून करावा लागला. या दुर्घटनेत एका भारतीय खलाशाचा मृत्यू झाला. म्हणजेच जहाजावर जाणाऱ्या अग्निशामकाला आगीचे शास्त्र पुरेसे नाही. जहाजाच्या स्थैर्याचे प्राथमिक गणितही त्याला अवगत असावे लागते.

हेलिकॉप्टर कोणती कामे करते

हेलिकॉप्टर म्हटले की जंगलातील वणव्यावर बादलीने पाणी टाकणारे यान डोळ्यांपुढे येते. समुद्रातही असा प्रयोग होतो. सप्टेंबर २०२० मध्ये श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ 'न्यू डायमंड' हे कच्चे तेल घेऊन पारादीपकडे निघालेले जहाज पेटले, तेव्हा श्रीलंकेच्या हवाई दलाने हेलिकॉप्टरला टांगलेल्या बादलीतून पाणी टाकले. परंतु या पद्धतीची मर्यादा आकडेमोडीनेच स्पष्ट होते. मध्यम क्षमतेच्या हेलिकॉप्टरची बादली साधारणतः साडेतीन हजार लिटरची धरली, तर एका खेपेचे पाणी हे वर उल्लेखिलेल्या एका नळीच्या सात मिनिटांच्या पाण्याइतके होते. शिवाय ते डेकवर पडते. डेकखालील कोठारातील किंवा बंद कंटेनरमधील आगीपर्यंत पोहोचत नाही. उघड्या डेकवरील ज्वाळा दबविणे आणि पृष्ठभाग थंड करणे एवढाच त्याचा उपयोग संभवतो. कोरडी रासायनिक भुकटी वरून टाकण्याबाबतही हेच म्हणता येईल.

हेलिकॉप्टरची खरी उपयुक्तता चार कामांत आहे. पहिले काम पाहणीचे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने वरून पाहिले असता जहाजाचा कोणता भाग तापला आहे, धूर कोणत्या झरोक्यातून येत आहे, जहाज किती कलले आहे हे काही मिनिटांत समजते. दुसरे काम अग्निशामक पथक जहाजावर उतरविण्याचे. तिसरे काम साहित्याचा पुरवठा चालू ठेवण्याचे. कारण श्वसनसंचाच्या नळकांड्या आणि फेस तयार करणारे द्रव्य जहाजावर पुरेसे असत नाही. चौथे काम जखमींना आणि गरज पडल्यास सर्वांनाच जहाजावरून उचलण्याचे. या चारही कामांतील समान सूत्र वेळेचे आहे. किनाऱ्यापासून ६० सागरी मैलांवरील जहाजाकडे ताशी १२ नॉट वेगाची टग नौका पाच तासांत पोहोचेल. ताशी १२० नॉट वेगाचे हेलिकॉप्टर अर्ध्या तासात पोहोचेल. पथक गोळा करणे, साहित्य चढविणे यांचा एक तास धरला, तरी साडेतीन तासांची बचत होते. इंजिन कक्षातील आगीच्या दृष्टीने हे साडेतीन तास निर्णायक असतात.

पथकाची रचना, साहित्य आणि प्रशिक्षण

हेलिकॉप्टरची वहनक्षमता मर्यादित असल्याने पथक लहान असते. सहा जणांचे पथक गृहीत धरले तर त्याची विभागणी सामान्यतः अशी होते : दोघे आत जातात, दोघे पूर्ण तयारीनिशी दाराशी थांबतात, एक जण आत गेलेल्यांच्या हवेचा हिशेब ठेवतो आणि पथकप्रमुख जहाजाच्या कप्तानाबरोबर राहतो. दाराशी थांबलेले दोघे हे चैन म्हणून नसतात. आतील जोडी संकटात सापडली, तर तिच्यासाठी येणारी दुसरी कोणतीही कुमक समुद्रात नसते.

हवेचा हिशेब हा या कामाचा कणा आहे. साधारण ६.८ लिटर आकाराच्या आणि ३०० बार दाबाच्या नळकांड्यात सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला ४० ते ५० लिटर हवा वापरतो. म्हणजे एक नळकांडे जास्तीत जास्त ४० ते ५० मिनिटे पुरते. त्यांतून आत जाण्याचा व परतण्याचा वेळ आणि राखीव हवा वजा केली, तर आगीसमोरचा वेळ पंधरा-वीस मिनिटांचाच उरतो. आत सतत एक जोडी ठेवावयाची आणि दर अर्ध्या तासाने ती बदलावयाची असे धरले, तर तीन तासांत केवळ आत जाणाऱ्यांनाच बारा नळकांडी लागतात. साहित्याची दुसरी खेप आणणारे हेलिकॉप्टर नसेल, तर पहिली खेप काही तासांतच निष्प्रभ होते.

साहित्यात एका साध्या वस्तूला मोठे महत्त्व आहे. देशोदेशींच्या जहाजांवरील नळांच्या जोडण्या भिन्न असतात. म्हणून सोलास करारानुसार ५०० टनांवरील जहाजांवर 'आंतरराष्ट्रीय किनारा-जोडणी' ठेवणे बंधनकारक आहे. १७८ मिलिमीटर बाह्य व्यासाची ही चकती चार बोल्टांनी जोडली, की परक्या नळीतील पाणी जहाजाच्या नळवाहिनीत सोडता येते. त्याचप्रमाणे जहाजाचे पंप, झडपा, अग्निरोधक भिंती व निसटण्याच्या वाटा दाखविणारा नकाशा खलाशांच्या निवासभागाबाहेर पाणी न शिरणाऱ्या आवरणात ठेवलेला असतो. जहाजावर उतरलेल्या पथकाची पहिली मागणी या नकाशाचीच असते.

प्रशिक्षणाचे स्वरूपही दुहेरी असते. अग्निशामकाला पाण्यात पडल्यास शरीरातील उष्णता टिकवून धरणारा पोशाख घालून प्रवास करावा लागतो आणि जहाजावर पोहोचल्यावर तो उतरवून अग्निशमनाचा पोशाख चढवावा लागतो. पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचा सराव तलावातील प्रतिकृतीत करून घेतला जातो. दोराने उतरणे, डोलत्या डेकवर वावरणे, समुद्र लागला असतानाही काम करणे या गोष्टी शहरी अग्निशमन केंद्रात आपोआप शिकता येत नाहीत. हे कौशल्य वारंवार सराव न केल्यास लोप पावते. आणि सरावासाठी हेलिकॉप्टरचे उड्डाणतास लागतात, जे अत्यंत महाग असतात. खर्चाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

जहाजावर उतरण्याची पद्धत

पेटलेल्या जहाजावर हेलिकॉप्टर क्वचितच उतरते. ते डेकच्या वर तरंगत राहते आणि विंचच्या पोलादी दोराने माणसे व साहित्य खाली सोडते. त्यासाठी जहाज व हेलिकॉप्टर यांच्यात आधी संवाद व्हावा लागतो. सर्वसाधारण नियम असा, की जहाजाने स्थिर दिशा व वेग ठेवावा आणि वारा पुढील डाव्या अंगाने सुमारे ३० अंशांच्या कोनात घ्यावा. याचे कारण हेलिकॉप्टरच्या रचनेत आहे. विंच व तिचा दरवाजा उजव्या अंगाला असतो आणि वैमानिकही उजव्या आसनावरून नियंत्रण करतो. हेलिकॉप्टर वाऱ्याकडे तोंड करून तरंगू लागले, की जहाज त्याच्या उजवीकडे, नजरेच्या टप्प्यात राहते.

आगीच्या प्रसंगी या नियमात धुराची भर पडते. आधुनिक मालवाहू जहाजांचा इंजिन कक्ष व निवासभाग बहुधा मागील टोकास असतो. तेथे आग असेल आणि वारा पुढून येत असेल, तर धूर मागे वाहून जातो व पुढचा डेक मोकळा राहतो. मग पथक पुढे उतरविता येते. आग पुढील कोठारात असेल, तर जहाजाची दिशा बदलून धूर एका अंगाला काढावा लागतो. परंतु इंजिन बंद पडलेले जहाज वळू शकत नाही. ते वारा व लाटांना आडवे होऊन डोलू लागते. अशा जहाजावर उतरणे सर्वांत कठीण समजले जाते, आणि इंजिन कक्षातील आगीत जहाज नेमके याच अवस्थेत सापडते.

दोर खाली येताना दोन दक्षता घ्याव्या लागतात. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या घर्षणाने त्यावर स्थिर विद्युतभार जमा होतो. म्हणून दोराचा आकडा डेकला वा पाण्याला टेकेपर्यंत खलाशांनी त्याला हात लावावयाचा नसतो. दुसरी दक्षता अशी, की आकडा जहाजाच्या कोणत्याही भागाला कधीही अडकवू नये. लाटेने जहाज खाली गेले, तर ते हेलिकॉप्टरलाच खेचील. डोलकाठ्या व याऱ्या यांची गर्दी असलेल्या जहाजावर हेलिकॉप्टर थेट वर न थांबता थोडे बाजूला थांबते. प्रथम वजन बांधलेली एक हलकी दोरी खाली सोडली जाते आणि खलाशी त्या दोरीने उतरणाऱ्या माणसाला डेकवर ओढून घेतात. ही दोरीही कोठे बांधावयाची नसते. ती हातात धरून, सैल होत जाईल तशी डेकवर गोळा करावयाची असते.

पथक उतरल्यावर आदेश कोणाचा, हा प्रश्न पूर्वीच सोडविलेला असावा लागतो. जहाजाचा अधिकार कप्तानाकडेच राहतो. पथकप्रमुख त्याला सल्ला देतो आणि आगीवरील कामाचे संचालन करतो. पथकप्रमुखाला धोका अवाजवी वाटल्यास तो पथक मागे घेऊ शकतो. त्यामुळे जहाजावर उतरण्यापूर्वीच परतीच्या मार्गाची निश्चिती आवश्यक ठरते. पथकाला उतरवून हेलिकॉप्टर इंधनासाठी किनाऱ्याकडे गेले, तर तो मधला काळ पथकाने कशाच्या भरवशावर काढावयाचा याचे उत्तर तयार असले पाहिजे.

मर्यादा व धोके

हेलिकॉप्टर हवेत टिकते ते हवेच्या घनतेवर. तापलेली हवा विरळ असते. म्हणून आगीच्या वरच्या उष्ण प्रवाहात उचलशक्ती घटते. धुराने वैमानिकाची दृष्टी अडते व इंजिनाला मिळणारी हवा दूषित होते. उलट हेलिकॉप्टरच्या पात्यांखालील जोरदार झोत आगीला वारा घालू शकतो. वादळी वारा, रात्र, पाऊस आणि अंतर यांचाही विचार करावा लागतो. जितके अंतर अधिक, तितके इंधन अधिक आणि तितकी माणसे व साहित्य कमी.

या मर्यादांकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम भीषण होतात. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' या तेलमंचावर स्फोट होऊन आग लागली आणि १६७ जणांचा मृत्यू झाला. ६१ जण वाचले. निवासभागात जमलेल्या अनेकांनी हेलिकॉप्टर येऊन आपल्याला नेईल, अशी वाट पाहिली. धूर व ज्वाळांमुळे हेलिकॉप्टर मंचावर उतरूच शकले नाही. वाचलेल्यांपैकी बहुतेकांनी वाट न पाहता मिळेल त्या मार्गाने समुद्र गाठला होता. सुटकेच्या योजनेत हेलिकॉप्टर हे एकमेव साधन धरता येत नाही, हा धडा या दुर्घटनेने दिला.

मुंबईकरांच्या स्मरणातील उदाहरण २७ जुलै २००५ चे आहे. आदल्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. मुंबई हाय परिसरातील 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरील एका जखमी कर्मचाऱ्यास उपचारासाठी हलवावयाचे होते. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उपलब्ध होऊ शकले नाही, म्हणून जहाज 'बॉम्बे हाय नॉर्थ' मंचाजवळ नेण्यात आले. लाटांमुळे ते मंचाच्या वायुवाहिनीवर आदळले, गळती होऊन आग भडकली आणि दोन तासांच्या आत मंच नष्ट झाला. २२ जणांचा बळी गेला; ३६२ जणांना वाचविण्यात आले. हेलिकॉप्टरची अनुपलब्धता ही या आपत्तीच्या कारणसाखळीतील पहिल्या कड्यांपैकी एक होती, आणि ज्या हवामानाने ते उपलब्ध झाले नाही, त्याच हवामानाने पुढील बचावकार्यही अवघड केले.

स्वतः हेलिकॉप्टरही असुरक्षित असते. २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळ 'हरी लीला' या टँकरवरील रुग्णास आणण्यासाठी निघालेले तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. त्यातील चार जणांपैकी एकच वाचला. एका माणसासाठी चार जणांना पाठविण्याचा निर्णय हा कोणत्याही सूत्राने काढता येणारा निर्णय नसतो. आगीच्या प्रसंगी तर आणखी एक प्रश्न उपस्थित होतो : सर्व खलाशी सुखरूप बाहेर आले असतील, तर केवळ जहाज व माल वाचविण्यासाठी अग्निशामकांना त्यावर उतरवावे काय? जहाज सोडून दिल्यास तेलाने किनारा दूषित होणार असेल, तर उत्तर बदलते काय? शोध व बचावविषयक १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार मानवी जीविताबाबत आहे. मालमत्ता वाचविणे हे व्यावसायिक 'सॅल्व्हेज' कंपन्यांचे क्षेत्र मानले जाते. प्रत्यक्ष समुद्रात या दोहोंतील सीमारेषा इतकी स्पष्ट राहत नाही.

युरोपातील संघटनात्मक अनुभव

७ एप्रिल १९९० रोजी 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी जहाजावरील आगीत १५९ जणांचा मृत्यू झाला. बहुतेक मृत्यू विषारी धुरामुळे झाले. स्वीडनमधून अग्निशामकांना हेलिकॉप्टरने या जहाजावर नेण्यात आले होते. तरीही आग पूर्णपणे विझली ती जहाज लिसेकिल बंदरात ओढून आणल्यावर. अशा प्रसंगांसाठी कायम सज्ज पथके असावीत, हा विचार नॉर्डिक देशांत रुजला.

जर्मनीत बदलाचे निमित्त १९९८ मधील 'पालास' हे जहाज ठरले. लाकडाचा माल पेटलेले हे जहाज भरकटत उत्तर समुद्रातील आमरुम बेटाजवळ रुतले आणि त्यातून गळलेल्या तेलाने हजारो समुद्रपक्षी मृत्युमुखी पडले. संघ सरकार व किनारी राज्ये यांच्या अधिकारक्षेत्रांत एकसूत्रता नसल्याची टीका झाली. त्यातून २००३ मध्ये कुक्सहाफेन येथे सागरी आपत्तींसाठी संयुक्त केंद्रीय कमान स्थापन झाली. किनाऱ्यावरील शहरांच्या अग्निशमन दलांतील प्रशिक्षित तुकड्या हेलिकॉप्टरने जहाजावर पाठविणे हे तिच्या कार्यपद्धतीचे अंग आहे. ब्रिटनमध्ये २००६ साली पंधरा अग्निशमन दलांच्या सहभागाने सागरी आपत्ती प्रतिसाद गट कार्यरत झाला. मात्र प्रत्यक्ष पाचारणांची संख्या अल्प आणि सज्जतेचा खर्च कायमचा, या विषमतेमुळे काही वर्षांतच त्याचा केंद्रीय निधी थांबला. त्यानंतर निवडक दलांनी वेगळ्या रचनेत हे काम पुढे चालविले. क्वचित घडणाऱ्या पण भयंकर आपत्तीसाठी कायमचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न ब्रिटनच्या अनुभवात ठळकपणे दिसतो.

डिसेंबर २०१४ मध्ये ग्रीसहून इटलीकडे निघालेल्या 'नॉर्मन अटलांटिक' या फेरीवर वाहनांच्या डेकवर आग लागली. वादळी वाऱ्यात जीवरक्षक नौकांचा उपयोग मर्यादित ठरला आणि हेलिकॉप्टरने रात्रभर एकेका प्रवाशाला उचलण्यात आले. वादळातही कुशल दल बरेच काही करू शकते, हे यातून दिसते. पण एकेका माणसाला उचलण्यास किती काळ लागतो, हेही दिसते. शेकडो प्रवाशांच्या जहाजावर हेलिकॉप्टर हे सुटकेचे मंद साधन आहे.

भारतीय किनाऱ्याचा संदर्भ

भारताचे सागरी शोध व बचाव क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर आहे. तटरक्षक दल हे त्याचे समन्वयक असून मुंबई येथे सागरी बचाव समन्वय केंद्र आहे. मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदरांकडे येणारी कंटेनर जहाजे, मुंबई हायचे तेलमंच आणि गुजरातकडे जाणारे तेलवाहू टँकर यांमुळे महाराष्ट्र व गोव्यासमोरील समुद्र अत्यंत वर्दळीचा आहे.

जुलै २०२४ मध्ये मुंद्रा येथून कोलंबोकडे निघालेल्या 'मर्स्क फ्रँकफर्ट' या कंटेनर जहाजाला गोवा-कारवार किनाऱ्यासमोर आग लागली आणि एका खलाशाचा मृत्यू झाला. भर पावसाळ्यात तटरक्षक दलाच्या नौकांनी पाण्याचे फवारे मारले, तर हवाई मार्गाने कोरडी रासायनिक भुकटी टाकण्यात आली. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा-शेवाकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' या जहाजावर केरळसमोर स्फोट होऊन आग लागली. बावीसपैकी अठरा खलाशांना वाचविण्यात आले. चौघे बेपत्ता झाले. जहाज किनाऱ्याकडे वाहत जाण्याचा धोका होता. नौदलाच्या हेलिकॉप्टरने सॅल्व्हेज पथकातील माणसे जळत्या जहाजावर उतरविली, ओढदोर जोडला गेला आणि जहाज किनाऱ्यापासून दूर नेता आले. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधूनही भुकटी टाकण्यात आली होती. परंतु परिस्थितीला वळण देणारे काम काही माणसांनी डेकवर उतरून ओढदोर जोडण्याचेच होते, हे येथे लक्षणीय आहे.

या घटनांतून भारतीय यंत्रणेची उड्डाणक्षमता व धैर्य सिद्ध होते. तथापि मुंबईसारख्या शहराच्या अग्निशमन दलाकडे असलेले बंदिस्त जागेतील आगीचे प्रदीर्घ कौशल्य आणि तटरक्षक दल व नौदलाकडे असलेले हवाई कौशल्य यांची नियमित संयुक्त सरावाने सांगड घालणे, हा युरोपीय अनुभवाचा येथे लागू पडणारा भाग आहे. त्यात पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागेल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अरबी समुद्रावर उड्डाणे अनिश्चित असतात. वर उल्लेखिलेल्या तीन भारतीय घटना, म्हणजे २००५, २०२४ व २०२५ मधील, याच महिन्यांत घडल्या आहेत. त्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा हेलिकॉप्टर मिळेलच असे नाही, हे गृहीत धरून टग नौकांची ठाणी, जहाजांवरील स्वतःची सज्जता आणि तेलमंचांवरील पर्यायी सुटकेचे मार्ग यांचे नियोजन होणे इष्ट ठरते.

समारोप

सागरी अग्निशमनात हेलिकॉप्टरचे कार्य प्रामुख्याने पोहोचविण्याचे आहे. योग्य माणसे, पुरेशी हवा आणि अचूक माहिती ते वेळेत डेकवर नेते. पुढचे काम त्या माणसांनी जहाजावरील पंप, नकाशा आणि खलाशांच्या साहाय्याने करावयाचे असते. म्हणून या व्यवस्थेचे यश हेलिकॉप्टरच्या संख्येवरून मोजता येत नाही. पथकाचा सराव किती ताजा आहे, जहाजाच्या स्थैर्याचे भान किती आहे, अधिकाराची विभागणी किती स्पष्ट आहे आणि हेलिकॉप्टर न आल्यास काय करावयाचे याची तयारी किती आहे, या निकषांवर ते मोजावे लागते. १९४४ साली गोदीत शिरलेल्या अग्निशामकांना जहाजात नेमके काय आहे, याची पूर्ण कल्पना नव्हती. धोकादायक माल भरलेल्या कंटेनर जहाजांच्या संदर्भात ही उणीव आजही संभवते. दोराने खाली उतरणाऱ्या माणसाला, तो डेकला पाय लावण्यापूर्वी, ही माहिती मिळावी, एवढी अपेक्षा बंदरे, जहाज कंपन्या आणि बचाव यंत्रणा यांच्याकडून बाळगणे अवाजवी ठरणार नाही.